हे किती दिवसांपासून?



मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक व्याकूळ पिता आपल्या मुलाला घेऊन येतो. शिष्य हतबल झाले आहेत, शास्त्री वाद घालीत आहेत. मुलाला बरे करण्यापूर्वी प्रभू पित्याला विचारतो, याला हे किती काळापासून होत आहे? सर्व काही जाणणारा तो, तरीही पित्याचे ऐकून घेतो.

याच दुखण्यासाठी मत्तय जो ग्रीक शब्द योजतो, त्याचे मूळ ‘चंद्र’ या शब्दात आहे. अनुवाद करताना अशा शब्दापाशी लेखणी थबकते. नाव दिले म्हणजे कारण सापडले, असे नव्हे.

जयपूरच्या आदर्श नगरात असो वा आपल्या गावी, एखाद्या लेकराची पाठ दुखते, डोके ठणकते आणि तपासण्यांत काही निघत नाही. मग कोणी सुचवितो, “मणका सरकला आहे, बसवून घ्या.” अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी आरंभिलेली कायरोप्रॅक्टिक पद्धती हेच सांगत आली. परंतु ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१९ साली केलेल्या पाहणीत, लहान मुलांना तिचा लाभ होतो याचा पुरावा फारच थोडा आढळला.

हातांचे कौशल्य तुच्छ नव्हे. जयपुरातच डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडविला. पण तो पाय चालून पाहता येतो. त्याची पारख उघड आहे. लेकराच्या मानेला झटका देणाऱ्यालाही आपण पुरावा विचारावा. ताप, वजन घटणे, हातापायांत अशक्तपणा, झोपेतून उठविणारी वेदना अशी लक्षणे असतील, तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

आणि तरीही कारण सापडले नाही तर? तर ‘ढोंग करतो’ असे लेकराला म्हणू नका. त्याची वेदना खरी आहे. ‘कोणाचे पाप?’ असे त्याच्या आईला विचारू नका. जन्मांध मनुष्यासमोर शिष्यांनी तोच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो दोष ना त्याच्यावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर.

त्या पित्याजवळ विश्वासही होता, अविश्वासही होता. प्रभूने त्याला परत पाठविले नाही. आपल्या मंडळीत असे एखादे घर असेल, तर उपाय सुचविण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि प्रभूप्रमाणे विचारा, “हे किती दिवसांपासून?” मग शेवटपर्यंत ऐका.