व्याजदर आणि आपद्धर्म

काटकसर हा गृहस्थाचा सद्गुण, याविषयी आपल्या नीतिकारांत सहसा दुमत आढळत नाही. परंतु हाच सद्गुण साऱ्या राष्ट्राने एकाच वेळी आचरिला, तर एकाचा टळलेला खर्च हे दुसऱ्याचे बुडालेले उत्पन्न ठरून अखेर सारेच दरिद्री होतात, हा विलक्षण विचार अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात मांडला. मंदीतून सावरू पाहणाऱ्या देशात मध्यवर्ती बँक व्याजाचा दर उतरविते, तेव्हा ती संचय करणाऱ्याला परावृत्त आणि खर्च करणाऱ्याला प्रवृत्त करीत असते. म्हणूनच व्याजदराचा प्रश्न निव्वळ अर्थशास्त्राचा न राहता धर्माधर्माचा होतो.

२०२० च्या टाळेबंदीत, एप्रिल ते जून या तिमाहीत, आपले देशांतर्गत उत्पादन मागील वर्षाच्या मानाने जवळजवळ चतुर्थांशाने घटले. संकटाची चाहूल लागताच रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे सरकारी रोख्यांच्या तारणावर बँकांना ती ज्या दराने अल्प मुदतीची रक्कम देते तो दर, २७ मार्च रोजी ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणि २२ मे रोजी ४ टक्क्यांवर आणला. नव्या गृहकर्जांचे तरते दर ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानकाशी, बहुधा रेपोशीच, बांधलेले असल्याने अशा कर्जदारांपर्यंत ही सवलत लवकर पोचली. वीस लाखांचे, वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज आठाऐवजी सात टक्क्यांनी पडले, तर मासिक हप्ता सुमारे १६,७३० वरून १५,५०० रुपयांवर येतो. आणि असे मोकळे झालेले बाराशे रुपये सुताराकडे, शिंप्याकडे, वाण्याकडे जाऊ लागले, म्हणजे थंडावलेला व्यवहार हळूहळू हलू लागतो.

परंतु त्या कर्जदाराच्याच इमारतीत एखादा निवृत्त शिक्षक राहत असतो, ज्याची वीस लाखांची ठेव मुदत संपून सहाऐवजी पाच टक्क्यांनी पुन्हा गुंतविली जाते. वर्षाकाठी वीस हजार रुपये त्याच्या हातून जातात, आणि २०२०-२१ मध्ये महागाई सरासरी सहा टक्क्यांच्या वर असल्यामुळे त्याचे मुद्दलही आतून झिजते. या गृहस्थाचा अपराध कोणता? व्याज हा दुसऱ्याच्या उद्योगातील वाटा आहे, उद्योगच बसला तर व्याज देणार कोण, हे उत्तर खरे आहे. तथापि ते अपुरे आहे, कारण सर्वांच्या हितासाठी एकाने सोसलेली हानी तेवढ्याने हानी असायची थांबत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्माचे, म्हणजे संकटकाळापुरत्या मान्य होणाऱ्या आचाराचे, विवेचन येथे उपयोगी पडते. बारा वर्षांच्या अवर्षणात क्षुधेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरू पाहतो. चांडाळच त्याला धर्म सांगू लागतो. आणि जगलो तरच धर्म आचरता येईल, असे ऋषी उत्तर देतो. व्यासांनी त्या कृत्याचे समर्थन होऊ दिले, पण त्याला निर्दोष म्हटले नाही. पुढे तपश्चर्येने त्याचे पाप जळाले, असेच कथा सांगते.

आपद्धर्माला मुदत असते, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण, आणि धोरणाची खरी कसोटी तेथेच लागते. रेपो दर जवळजवळ दोन वर्षे चार टक्क्यांवर राहिला. ४ मे २०२२ रोजी तो ४.४० झाला, आणि त्या आधीच्या एप्रिलची महागाई ७.७९ टक्के भरली. स्वस्त पैशाची सवय जडलेले कर्जदार, रोखेबाजार आणि खुद्द सरकार यांना आपत्ती सरली असे मान्य करणे कधीच सोयीचे नसते, आणि ठेवीदाराची बाजू मांडणारा वकील त्या दरबारात क्वचितच असतो. म्हणून दर उतरविण्याचा अधिकार मध्यवर्ती बँकेला अवश्य असावा. मात्र तो वापरताना झीज कोणाच्या पदरी टाकली आणि ती कधी थांबेल, हे उघडपणे सांगण्याचे दायित्वही तिचेच होय, कारण न विचारता घेतलेल्या त्यागाला पुण्य म्हणण्याचा अधिकार घेणाऱ्याला नसतो.