कारणाचा रकाना

रात्रपाळी सकाळी सातला सुटते. सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यातून घरी येऊन अंघोळ, चहा, पोळी होईपर्यंत सव्वानऊ वाजतात आणि शेअर बाजार उघडतो. आठ तास धाग्यावर लावलेली नजर थेट निफ्टीच्या रेषेवर जाते. सिल्वासात पाळीवर राबणारे माझ्यासारखे आणखीही आहेत, चहाच्या टपरीवर त्यांचे बोलणे कानावर येते.

मी वायद्याच्या वाटेला जात नाही. निफ्टीच्या ईटीएफची युनिट घेतो आणि त्याच दिवशी विकतो. पन्नास मोठ्या कंपन्यांची टोपली, ती काय बुडणार, असा माझा हिशेब होता. एकदा नाइट करून आलो, दहाच्या सुमारास 300 युनिट घेतली आणि फोन हातात असतानाच डोळा लागला. जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते. इंट्राडेचा सौदा आपण मिटवला नाही, तर बाजार बंद होण्याआधी दलालाची यंत्रणा तो मिटवते. माझाही तसाच मिटला होता, जवळजवळ दिवसाच्या तळाला. वहीत मी लिहिले, ‘तोटा 640. बाजार खराब.’

आठवड्याने ती ओळ वाचली आणि मनाला लागली. कारखान्यात धागा तुटला तर ‘धागा खराब’ एवढे लिहून कोणी सुटत नाही. लॉगबुकात मशीनचा नंबर लागतो, वेळ लागते आणि शेवटच्या रकान्यात कारण लागते. गाइड झिजले होते का, हीटरचे तापमान हलले होते का, गाठ नीट बसली नव्हती का. तो रकाना कोरा सोडला तर पुढच्या पाळीचा माणूस तिथेच पुन्हा धागा जोडत बसतो. बारा वर्षे मी हे दुसऱ्यांकडून भरून घेतले, आणि स्वतःच्या पैशांच्या वहीत नेमका तोच रकाना आखला नव्हता.

मग आखला. सौदा घेताना मनात काय होते, ते त्याच वेळी दोन शब्दांत लिहायचे, निकाल कळण्याआधी. महिनाभराने पाने उलटली तर ‘आधीचे भरून काढायला’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते, आणि बहुतेक वेळा नाइटनंतरच्या सकाळी. बाजार वर जाईल असे काही दिसले म्हणून घेतलेले सौदे फार थोडे निघाले.

खर्चाचाही रकाना घातला. एका दिवशी 300 युनिटांवर 30-30 पैसे सुटले, म्हणजे 90 रुपये. घेताना 20 आणि विकताना 20 रुपये दलाली, त्यावर जीएसटीचे सात रुपये वीस पैसे, शिवाय बाजाराचे बारीकसारीक आकार. हातात चाळीसही उरले नाहीत, आणि फोनवर तो दिवस हिरवा दिसत होता. सेबीने जुलै 2024 मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडेचा अभ्यास मांडला. 2022-23 या वर्षात दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत दहापैकी आठ. हात जितका जास्त चालतो तितके जास्त गळते, हे वही भरल्यावर मला पटले. नुसता अहवाल वाचून पटले नसते.

ईटीएफचा भाव दिवसभर हलतो; तो ज्या इंडेक्स फंडाच्या कल्पनेतून आला, त्या फंडाचा भाव दिवसातून एकदाच ठरतो. सामान्य माणसाने सगळा बाजार थोडा थोडा घ्यावा आणि वर्षानुवर्षे सांभाळावा, यासाठी जॉन बोगल यांनी 1976 मध्ये अमेरिकेत तो लोकांपुढे आणला. पुढे नेथन मोस्ट हे फंडाची युनिट दिवसभर विकता यावीत अशी कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा बोगल यांनी नकार दिला. ती कल्पना 1993 मध्ये दुसरीकडून बाजारात आली, आणि आपल्याकडचा पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने डिसेंबर 2001 मध्ये काढला. त्यात वस्तूचा काही दोष नाही, ती आजही घेऊन ठेवता येते. तरी बोगल यांना आधीच काय दिसले होते, हे नाइटनंतरच्या सकाळी मला नीट कळते.

म्हणून शेवटचा एक रकाना आहे. पहिल्या दिवशी घेतलेली युनिट विकलीच नसती तर आज किती झाली असती. हा मी महिन्यातून एकदाच भरतो, कारण रोज भरला तर त्याचाही खेळ होईल. सहा महिने झाले, तो माझ्या सगळ्या धावपळीच्या पुढे आहे.

आज नाइट करून आलो. सव्वानऊला वही उघडली, तारीख घातली, सौद्याच्या जागी आडवी रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘झोप’.