जवळ म्हणजे किती?

परवा पुन्हा महामार्गावर अडकलेल्या रुग्णवाहिकांचा विषय निघाला आणि विरारात मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टरांची सोय हवी म्हटल्यावर पुन्हा तेच वाक्य कानावर आलं, "मुंबई काय, जवळच आहे."

'जवळ' हा शब्द मला आता सहन होत नाही. विरारहून परळचं मुलांचं वाडिया रुग्णालय पन्नासेक किलोमीटर. पण किलोमीटर सांगणाऱ्याच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर नसतं. फास्टने दादर, तिथला जिना, स्लोने प्रभादेवी, मग चालत. केसपेपरच्या रांगेत वेळेवर उभं राहायचं तर पहाटे घर सोडायचं. थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, बहुतेकदा जन्मभर. वर्षाला 13 ते 17 खेपा आणि रोजंदारीवरच्या बापाचे तेवढेच खाडे. मध्यरात्री बाळाला धाप लागली तर लोकलही नाही; उरतो रस्ता आणि खाडीवरचा वरसोव्याचा पूल. सप्टेंबर 2025 मध्ये घोडबंदर रस्त्याच्या कामामुळे वाहतूक वळवली होती आणि महामार्गावर कोंडी झाली होती. इमारतीवरून पडलेल्या पेल्हारच्या 16 महिन्यांच्या बाळाला मुंबईला नेत होते. त्या कोंडीतच ते गेलं. नकाशावर त्या दिवशीही मुंबई तेवढीच जवळ होती.

तज्ज्ञ इकडे टिकत नाहीत, पैसा नाही, हेही ऐकलंय. त्यावर पुन्हा कधीतरी.

मला आठवतो 1 ऑगस्ट 2014. ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला, कारण जव्हार-मोखाड्याच्या माणसाला ठाणं लांब पडत होतं. ते पटलं. दाखल्यासाठीची कचेरी लांब असू नये हे पटतं, मग पोराचा डॉक्टर लांब असू नये हे का पटत नाही? मोखाड्याच्या आईला तर विरारसुद्धा लांबच.

हृदयाला भोक असलेल्या प्रत्येक बाळाचं ऑपरेशन विरारातच व्हावं, असं माझं म्हणणं नाही. ते होणारही नाही. पण टाके बघायला, फिटच्या औषधाचा डोस बदलायला, रक्त चढवायला आईनेच दर वेळी परळ का गाठायचं? आठवड्यातून एक दिवस परळच्या डॉक्टरांनी इकडे यावं. सकाळी विरारकडे येणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते.