मोडीचा भाव

माणसाला एक तरी नाद असावा आणि तो खिशाला परवडणारा असावा, असं माझं मत आहे. गाण्यातलं मला कळत नाही, पत्त्यांत मी हरतो, आणि मी टीव्हीपुढे येऊन बसलो की आपला चांगला जमलेला गडी बाद होतो, असा आमच्या घरात पक्का समज आहे. मग उरतं काय? मी जुने स्टोव्ह जमवतो. वातीचे नव्हेत, पंपाचे, पितळी, तीन पायांचे, पेटवले की शेजारच्या बिऱ्हाडालाही कळणारे. आज माझ्याकडे असे एकोणीस आहेत. अकरा माळ्यावर, पाच पलंगाखाली आणि तीन दिवाणखान्यात, म्हणजे जिथे इतरांच्या घरी काचेची बदकं असतात तिथे. स्वयंपाक अर्थातच गॅसवर होतो. "एका शेगडीला एकोणीस सवती," असं आमची सौ. आल्यागेल्याला सांगते.

ज्यांच्या लहानपणी घरात हा स्टोव्ह होता त्यांना वेगळं सांगायला नको. आई आधी काकडा लावून बर्नर तापवायची, मग पंपाचे दहा-बारा दट्टे मारायची. टाकीतलं रॉकेल हवेच्या दाबानं वर चढायचं, तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हायची, ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून सुटायची आणि भर्र करून निळी ज्योत धरायची. भोकात कचरा अडकला की पिन. पंपाचा वायसर सुकला की तेलाचं बोट. दोन्हींनी भागलं नाही की रस्त्यावरून ओरडत जाणारा रिपेरीवाला. तो जिन्यात पथारी मांडून बसला की आम्ही पोरं त्याच्याभोवती असे बसायचो, की पुराणिकबुवांना हेवा वाटावा.

हा प्रकार 1892 साली स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिरानं काढला आणि 'प्रायमस' या नावानं तो जगभर गेला. वात नाही, म्हणून काजळी नाही. 1911 साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तो प्रायमस बरोबर घेऊन. 1953 साली हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर गेले, त्या मोहिमेतही प्रायमस होता. ध्रुवावर ज्याच्यावर बर्फ वितळवलं, त्याच्यावर आमच्या आईनं वीस वर्षं पिठलं शिजवलं. फरक एवढाच, की अमुंडसेनला 'आज पुन्हा पिठलंच?' असं विचारणारं कोणी नव्हतं.

असा वेडा जगात मी एकटाच, अशी माझी समजूत होती. पण आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा मेहुणा अमेरिकेत आहे. तो जुन्या 'चेन-सॉ' जमवतो. म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या, झाडं कापायच्या यांत्रिक करवती. घरामागे झाड एकच, आणि तेही शेजाऱ्याचं. तिकडे लोक सुटीच्या दिवशी घरातलं नको झालेलं सामान अंगणात मांडून विकतात. हा गृहस्थ तिथे उजाडायच्या आत हजर. एकदा त्याला एका म्हाताऱ्या विधवेकडे साठ वर्षांपूर्वीची मॅक्कलक करवत दहा डॉलरांत मिळाली. त्यानं फोटो पाठवला होता. फोटोत करवत होती आणि त्याचं हसू होतं. बाई नव्हती.

ते हसू मला ओळखीचं आहे. जमवणाऱ्याला वस्तू मिळाल्याचा आनंद असतोच, पण खरा आनंद ती 'कितीला मिळाली' याचा असतो. पाहुण्यांना स्टोव्ह दाखवताना तो कुठला, कधीचा हे मी एका वाक्यात उरकतो आणि किमतीवर येतो. "सांगा बघू, कितीला घेतला असेल?" पाहुणा भिडेखातर बाराशे म्हणतो. मी जरा थांबतो. मग म्हणतो, "तीनशे!" यात पाहुण्याला काही मिळत नाही, पण चहा आमचा असल्यामुळे तो 'वा!' म्हणतो.

स्वस्तात घेण्याचं एक शास्त्र आहे आणि ते मी पुण्याच्या जुन्या बाजारात शिकलो. हा बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरायचा. (पुण्यात वारांचं असंच आहे.) नियम पहिला: इस्त्रीचा सदरा घालून जायचं नाही. दुसरा: खिशात लोहचुंबक ठेवायचा, तो चिकटला की पितळ नव्हे, मुलामा. तिसरा: हवी असलेली वस्तू सोडून शेजारच्या कान तुटलेल्या बरणीची किंमत विचारायची, आणि मग निघता निघता "आणि ह्या डबड्याचे किती?" असं स्टोव्हकडे हनुवटी करून म्हणायचं. चौथा: टाकीला पोचा आहे, पंपाला दम नाही, बर्नर मूळचा नाही, असं एकेक वैगुण्य मोठ्यानं वाचायचं. पाचवा: चालू लागायचं. सात पावलांच्या आत हाक येते. लग्नात आणि सौद्यात सात पावलं महत्त्वाची.

आणि हाच मी सोमवारी सकाळी बँकेत कॅशला बसतो. दिवसअखेर पन्नास रुपये जास्त निघाले तर सगळ्या स्लिपा पुन्हा चाळतो. एकदा एका पेन्शनरकाकांनी भरण्यात पाचशेची एक नोट जादा दिली, तर मी काउंटर सोडून रिक्षास्टँडपर्यंत धावलो होतो. त्याबद्दल मॅनेजरसाहेबांनी माझं चारचौघांत कौतुक केलं आणि काउंटर सोडल्याबद्दल केबिनमध्ये कानउघाडणी केली. सांगायचं म्हणजे, दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहू नये याची मला मनापासून काळजी असते. फक्त रविवारी नसते. हे माझ्या ध्यानात यायला 2019 सालचा श्रावण उजाडावा लागला.

त्या रविवारी भुरभुर पाऊस होता. बाजाराच्या अगदी कडेला एक म्हातारी पोतं अंथरून बसली होती. नेहमीची विकणारी नव्हे. तिच्यापुढे दोन कळशा, एक खलबत्ता, कोळशाची इस्त्री आणि एक स्टोव्ह एवढंच. मी बरणी शोधली, पण बरणी नव्हती. तोवर तीच म्हणाली, "बगा की दादा, हातात घिऊन."

मी हातात घेतला. अंगठ्यानं मळ पुसला तर खाली 'प्रायमस', आणि त्याखाली स्वीडनचा शिक्का. बर्नर मूळचा, काकड्याची वाटी मूळची, पंपाला दम. असा स्टोव्ह मला दहा वर्षांत मिळाला नव्हता. काळीज पंप मारल्यासारखं वाजायला लागलं.

"दादा, शिकल्यालं दिसतायसा," म्हातारी म्हणाली. "तुमीच सांगा. मालक गेलं. ल्योक म्हनतोय घरात गॅस हाय, ही अडगळ कशाला. ह्याला मोडीचाच भाव न्हवं?"

मी काही बोललो नाही. 'हो' म्हटलं नाही, 'हं'सुद्धा केलं नाही. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

"तीनशे द्या," ती म्हणाली.

"अडीचशे," मी म्हणालो. शपथेवर सांगतो, ते सवयीनं गेलं.

"घ्या. पर एक पाय ढिला हाय ह्येचा, आदीच सांगते. मागनं म्हनाल म्हातारीनं फसिवलं." आणि तिनं पदरानं टाकी पुसून स्टोव्ह माझ्या पिशवीत अलगद ठेवला. माझ्या मते तो काही नाही तरी अडीच हजारांचा होता.

घरी आलो तर कन्या व्यापारी कायदा पाठ करत बसली होती. ती नुकतीच अठरा पूर्ण झाली होती आणि सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला बसणार होती. "बाबा, माझं म्हणून घ्या," असं म्हणून तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. भारतीय करार कायदा, 1872, कलम 17, फसवणूक. बी.कॉम.ला मीही हे घोकलं होतं. वस्तू विकत घेणाऱ्यानं सावध राहावं आणि नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, एवढं त्यातलं मला अजून आठवत होतं. तेवढं मनुष्याला आयुष्यभर पुरतं.

कायद्यात त्याची चार उदाहरणं दिलेली आहेत. पहिल्यात 'ए' आपला अधू घोडा लिलावात 'बी'ला विकतो आणि घोड्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ही फसवणूक नव्हे. मी सुटकेचा श्वास सोडला. शेवटच्यात दोघे व्यापारी आहेत. भावातला बदल 'ए'ला आतून कळलाय, 'बी'ला नाही. 'ए'नं सांगायलाच हवं असं नाही. मी पिशवीतला स्टोव्ह काढून टेबलावर ठेवला.

"तिसरं राहिलं," कन्या म्हणाली. तिसऱ्यात 'बी' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धड आहे असं मी धरून चालेन. आणि 'ए' गप्प बसतो. "इथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच," कन्येनं घडाघडा म्हणून टाकलं. "बाबा, बरोबर ना? बाबा?"

ह्याला मोडीचाच भाव न्हवं? आणि मी गप्प.

"आणि दुसरं उदाहरण गंमतीचं आहे," ती पुढे म्हणाली. "त्यात 'बी' ही 'ए'ची मुलगी असते, नुकतीच सज्ञान झालेली. मग मात्र 'ए'नं घोड्याचं खरं सांगायला हवं. कारण नातं आहे. म्हणजे तुम्हाला मला सांगावं लागलं असतं!" ती हसत सुटली. मी स्टोव्ह उचलून माळ्यावर ठेवला.

रात्रभर मला ते नातं छळत होतं. साहेबाच्या देशात बाजारात माणूस माणसाला नात्यानं हाक मारत नाही. त्यांना हा कायदा सोपा जात असेल. आमच्याकडे भाजीवालीला मावशी म्हटल्याशिवाय कोथिंबिरीचा भावही विचारता येत नाही. ती म्हातारी मला 'साहेब' म्हणाली नव्हती, 'गिऱ्हाईक' म्हणाली नव्हती. 'दादा' म्हणाली होती. आता आपण म्हणू, की ती बोलायची पद्धत आहे. असेल. पण त्याच पद्धतीनं तिनं ढिला पाय सांगितला, जो सांगायला कायद्यानं ती बांधलेली नव्हती.

सोमवारी मी हे आमच्या हेडकॅशियरना सांगितलं. ते म्हणाले, "भंगारवाल्यानं दीडशे हातावर टेकवून तो वितळवला असता. तुम्ही शंभर जास्त दिलेत आणि वस्तू वाचवलीत. शिवाय दहा वर्षं जे शिकलात त्याचा काही मोबदला आहे की नाही? डॉक्टर नाडीचे पैसे घेतोच ना?" मला ते पटलं. जिन्यानं खाली उतरेपर्यंत पटलेलं होतं. मग आठवलं, की डॉक्टर पैसे घेतो, पण पेशंटनं विचारलं तर आजार खरा सांगतो. तिनं विचारलं नसतं तर माझी विद्या माझ्यापाशी राहिली असती. तो माझा सौदा, तो तिचा. तिनं विचारलं, तेव्हा मी गिऱ्हाईक उरलो नव्हतो. तिनं मला पंच नेमलं होतं, आणि पंचानंच चेंडू खिशात घातला होता.

बुधवारी मी हाफ डे टाकून, दोन हजार दोनशे पन्नास रुपये पाकिटात घालून बाजारात गेलो. पोत्याच्या जागी एक जण जुने चष्मे घेऊन बसला होता. रविवारी गेलो. पुढच्या बुधवारी गेलो. कॅज्युअल लीव्ह संपत आली तेव्हा सौ. म्हणाली, "आजवर वस्तू शोधत होतात, आता म्हातारी शोधताय. नाद वाढतोय."

ती भेटली नाही. तेव्हापासून मी एक नियम केला: विकणाऱ्यानं विचारलं तर खरं सांगायचं. पहिल्याच प्रयोगात एका फेरीवाल्याला मी सांगून बसलो, की तुझा हा स्टोव्ह आठशेचा सहज आहे. त्यानं दोनशे सांगितले होते. लगेच बाराशे म्हणाला. पुढे पुढे तर तो मी दिसलो की लांबूनच ओरडायचा, "साहेब, जरा इकडं! हे केवढ्याचं?" आणि मी सांगितलेल्या भावानं माझ्यासमोर दुसऱ्याला विकायचा. माझा आकडा एकोणिसावर अडलाय तो असा. खरेपणा महाग पडतो हे ऐकून होतो. आता त्याचा दरही माहीत झाला.

ते पाकीट मात्र मी मोडलं नाही. बँकेत रक्कम जास्त निघाली आणि मालक सापडला नाही, तर ती सस्पेन्स खात्यात टाकतात. खाल्ली जात नाही. मीही पाकिटावर 'सस्पेन्स' लिहून ते त्या स्टोव्हखाली ठेवलंय. स्टोव्ह आता दिवाणखान्यात आहे, पण त्याची किंमत मी पाहुण्यांना ओळखायला लावत नाही. दर 31 मार्चला पाकीट उघडून मोजतो आणि वर्षाचं व्याजही त्यात घालतो.

परवा कन्येनं ते पाहिलं. ती आता हिशेबात माझ्या पुढे गेली आहे. आकडेमोड करून म्हणाली, "बाबा, हे व्याज बचत खात्याच्या दरानं लावलंय तुम्ही. मुदत ठेवीच्या दरानं का नाही?"

मी काही बोललो नाही. आणि मग आठवलं, की गप्प बसणं हे बोलण्यासारखंच असतं.