अन्याय आणि परद्रव्य

सज्जनहो, हल्ली कीर्तन आटोपले, आरती झाली, की तरुण मंडळी जवळ येऊन बसतात आणि एक प्रश्न हमखास निघतो. शिरूरकडे निघतो, दौंडकडेही निघतो. “महाराज, या मोठ्या कंपन्या आम्हांला लुटतात. मग त्यांचा सिनेमा, त्यांची गाणी, त्यांची पुस्तके आम्ही मोबाईलवर फुकट उतरवून घेतली, तर त्यात पाप कसले? चोराच्या घरची चोरी ती!” ज्याला मनात काही टोचतच नाही, तो विचारायला येत नाही. तेव्हा अशा मुलांना दटावून गप्प बसविणे बरे नव्हे. आधी पूर्वपक्ष पुरा ऐकावा, मग सिद्धांत मांडावा, ही शास्त्राची रीत आहे.

पूर्वपक्ष काही लंगडा नाही. 2005 साली सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या तबकड्यांत एक छुपा प्रोग्रॅम घातला होता. पैसे मोजून तबकडी आणणाऱ्याच्याच संगणकात तो चोरपावलांनी शिरून बसे. 2009 साली अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, हे खरे. पण विकलेली पोथी आपल्या फडताळातून न विचारता उचलून नेणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू? ‘विकत घ्या’ म्हणायचे, आणि हाती द्यायचा तो नुसता वापरण्याचा परवाना! त्याचा करार इतका लांबलचक, की कोणी वाचत नाही. पण खाली अंगठा मात्र सर्वांचा उमटतो.

हा न वाचता दिलेला अंगठा आमच्या मुलखाला नवा नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल केला. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यातच 1867 पासून सरकारने साराही वाढविला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या खताची मुदत तीन वर्षांची. म्हणून दर तीन वर्षांनी नवे खत, आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा! दिलेल्या पैशाची पावती नाही, खतात काय लिहिले ते कुणब्याला वाचता येत नाही. आजच्या कंपनीचा अन्याय या अन्यायापुढे काहीच नव्हे.

मग आमच्या वाडवडिलांनी काय केले? शिरूर तालुक्यातील कर्डे गावी डिसेंबर 1874 मध्ये एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा आणून गावच्या देशमुखाचे घर पाडावयास घेतले. गाव खवळले, पण कोणी काठी उचलली नाही. सावकाराचे शेत करायचे नाही, त्याच्या दुकानी जायचे नाही, त्याचे पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही, असा बहिष्कार गावाने घातला. शेवटी सावकारांना चंबूगबाळे आवरून पोलिसांच्या बंदोबस्तात शिरूरला जावे लागले.

दुसरी गोष्ट सुप्याची. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजचा दौंड तालुका त्याच जुन्या भीमथडीतला. 12 मे 1875 रोजी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. वह्या आणि खतपत्रे बाहेर काढून जाळली, दुकानेही लुटली. दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पुष्कळ ठिकाणी सावकाराने खते काढून दिली की लोक निघून जात. त्याच्या जिवाला बहुधा धक्का लावला नाही.

येथे नीट विवेक केला पाहिजे. कर्ड्याच्या लोकांनी आपले श्रम आणि आपले पैसे आवरून धरले. जे स्वतःचे ते न देणे हा प्रत्येकाचा अधिकार. त्यात दोष नाही. सुप्याच्या लोकांनी खत जाळले, म्हणजे आपल्याच गळ्यातला खोटा फास कापला. कायदा त्याला गुन्हा म्हणाला आणि लोकांनी तुरुंग भोगला. पण त्यांना चोर म्हणताना माझी जीभ अडखळते. मात्र ज्या क्षणी कोणी दुकानातला माल उचलून घरी नेला, त्या क्षणी न्यायाचे भांडण संपले आणि लोभाचा व्यवहार सुरू झाला. अन्यायाने फास कापण्याची निकड येते, माल उचलण्याचा हक्क येत नाही.

आता मोबाईलकडे वळू. फुकट उतरविलेला सिनेमा हा गळ्यातला फास आहे, की ताटातला लाडू? कंपनी वाईट, तर कर्ड्याप्रमाणे तिचे दुकान सोडावे. पण तसे होत नाही. कंपनीला शिव्या द्यायच्या आणि तिचाच सिनेमा पहिल्या दिवशी पाहायचा! अहो, ज्याच्या अन्नाला विटलो म्हणतो, त्याच्याच ताटात हात कसा जातो?

कोणी म्हणेल, “दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचे काय गेले?” दाखला गोड आहे, पण तेलाचा विचार त्यात नाही. त्या गाण्यामागे पखवाजी आहे, पेटीवाला आहे, शब्द लिहिणारा आहे, रात्र जागून ध्वनिमुद्रण करणारा मुलगा आहे. दिवा विझत नसेल, पण तेल घालणाऱ्याची वृत्ती बुडते. आणि वृत्तिच्छेद हे आपल्या शास्त्रकारांनी हलके पाप मानलेले नाही. कंपनीवरचा राग बहुधा या लहान माणसांच्या पोटावर पडतो.

“पण गरिबाने काय करावे?” हा प्रश्न मात्र खरा. महाभारतात शांतिपर्वात कथा आहे: बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्रांनी प्राण वाचविण्यासाठी चांडाळाच्या घरून निषिद्ध मांस चोरले. व्यासांनी ते लपविले नाही, त्याला आपद्धर्म म्हटले. पण आपद्धर्म प्राणसंकटाचा असतो, करमणुकीचा नव्हे. आणि विश्वामित्रांनी तो दोष पुढे तपाने जाळला, त्याची रीत पाडली नाही. ज्या विद्यार्थ्याला परीक्षेचे पुस्तक खरोखर परवडत नाही, त्याने तेवढेच घ्यावे, मिळवता झाल्यावर ते विकत घेऊन दुसऱ्या गरिबाला द्यावे. दहा चित्रपट साठविणाऱ्याने विश्वामित्रांचे नाव घेऊ नये.

शिवाय सरळ वाटा बंद नाहीत. 1875 च्या दंग्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. खतामागचा सगळा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. आपल्याही काळात दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी 2012 साली दावा लावला, आणि 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकविण्यासाठी काढलेल्या प्रती कायद्यात बसतात असा निर्णय दिला. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. साने गुरुजी 1950 साली गेले. 2011 पासून त्यांची पुस्तके कोणीही मोकळेपणी उतरवून घ्यावीत. आणि संतांच्या वाणीवर तर कोणाचीच मालकी नाही.

शेवटी तुकोबांची आठवण केल्याशिवाय राहवत नाही. दरसाल त्यांची पालखी यवत, वरवंडवरून याच जुन्या भीमथडीतून जाते. तुकोबा स्वतः सावकाराच्या घरातले. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर त्यांनी घरची खतपत्रे काढली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत बुडविली. सज्जनहो, हा अर्धा वाटा विसरू नका. धर्म करायचा म्हणूनसुद्धा त्यांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपले सोडावे कितीही. दुसऱ्याचे, तो बरा असो की वाईट, त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. अन्यायाशी जरूर भांडा, चारचौघांत भांडा, दुकान सोडा, कायदा मागा. पण भांडायला निघालेला हात परद्रव्याने भरलेला नसावा. भरलेल्या हाताची मूठ वळत नाही.

रामकृष्णहरि.