वार्धक्याचा हक्क : घराचा की गावाचा?

वृद्ध आई-वडिलांची सेवा हे संततीचे कर्तव्य आहे, याविषयी मुस्लिम समाजात दुमत नाही. पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये एकमेव अल्लाहच्या उपासनेच्या आदेशाला लागूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाचा आदेश आला आहे. त्यांच्यापैकी एक अथवा दोघेही वार्धक्यास पोहोचले तर त्यांच्यापुढे कंटाळ्याचा साधा उद्गारसुद्धा काढण्यास तेथे मनाई आहे. म्हणूनच नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने वृद्धांसाठी सोयी कराव्यात, असा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांना तो परका वाटतो. ज्या घरात कर्ता मुलगा आहे, त्या घरातील वृद्धाची चिंता सरकारने का वाहावी? अशी मागणी करणे म्हणजे आपल्या घरांनी हात टेकल्याची कबुली देणे नव्हे काय?

हा आक्षेप क्षुल्लक नाही. कुरआनने वृद्ध आई-वडिलांचे चित्र रेखाटले आहे ते मुलाच्या सान्निध्यातले, दूर कोठे पाठवून दिलेले नव्हे. हे कर्तव्य फर्ज-ए-ऐन आहे, म्हणजे प्रत्येकाने स्वतः पार पाडावयाचे. दुसऱ्याने नमाज अदा केल्याने जशी माझी नमाज अदा होत नाही, तसेच पालिकेने दिलेल्या सेवेने माझे पुत्रकर्तव्य फिटत नाही. कायद्याची मर्यादाही येथेच दिसून येते. केंद्र सरकारच्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपेक्षित आई-वडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात आणि मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवू शकतात. परंतु भत्ता वसूल करता येतो. आर्जव, मृदू शब्द आणि रात्री उशाशी बसणे वसूल करता येत नाही.

इतके मान्य केल्यावरही प्रश्न संपत नाही. ज्यांना संततीच नाही, त्यांचे काय? ज्या विधवेचा एकुलता मुलगा तिच्याआधी गेला, तिचे काय? कोकणातील कित्येक घरांत मुले आखाती देशांत किंवा मुंबईत आहेत. पैसे नियमित येतात, पण दवाखान्यात नेणारा हात घरात नसतो. आणि ज्याचा मुलगा आज्ञाधारक व जवळ आहे, त्याचे तरी सर्व काही मुलाच्या हाती आहे काय? फुटलेला पदपथ, सरकारी रुग्णालयातील न संपणारी रांग, बाजारात स्वच्छतागृहाचा अभाव, अंधारी गल्ली या गोष्टी कोणताही सुपुत्र एकट्याने दुरुस्त करू शकत नाही. त्या सर्वांच्या मालकीच्या आहेत, म्हणून त्यांची जबाबदारीही सर्वांची आहे. अशा कर्तव्याला आपल्या शास्त्रकारांनी फर्ज-ए-किफाया म्हटले आहे. काहींनी ते पार पाडले तर सर्वांची सुटका होते, आणि कोणीच पार पाडले नाही तर सर्वच दोषी ठरतात. जनाजाची नमाज हे त्याचे परिचित उदाहरण. मृताच्या अखेरच्या हक्कासाठी जो समाज इतका दक्ष आहे, त्याने जिवंत वृद्धाच्या हक्काविषयी उदासीन कसे राहावे?

काजी अबू यूसुफ यांनी 'किताबुल खराज' या ग्रंथात हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग नोंदविला आहे. एका दारापाशी भीक मागणारा एक वृद्ध, दृष्टिहीन ज्यू त्यांना दिसला. जिझिया, गरज आणि वय यांमुळे आपण हात पसरतो, असे त्याने सांगितले. हजरत उमर (रजि.) त्याला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेले व घरातून त्याला काही दिले. मग त्यांनी बैतुलमालच्या प्रमुखाला निरोप पाठविला की, या माणसाकडे आणि याच्यासारख्या इतरांकडे लक्ष द्यावे. त्याच्या तारुण्याचा उपभोग घेऊन वार्धक्यात त्याला टाकून देणे हा न्याय नव्हे. त्याचा जिझियाही माफ करण्यात आला.

या प्रसंगातील क्रम विचार करण्याजोगा आहे. आधी स्वतःचे घर, नंतर बैतुलमाल. वैयक्तिक दानाने सार्वजनिक जबाबदारी टळली नाही आणि सार्वजनिक तरतुदीच्या नावाखाली वैयक्तिक दान थांबले नाही. शिवाय आदेश एकट्या त्या वृद्धापुरता नव्हता, त्याच्यासारख्या सर्वांसाठी होता. समोर आलेल्याला देणे हे दान होय. जे समोर आले नाहीत, येऊ शकत नाहीत, त्यांचाही आधीच हिशेब ठेवणे हे नियोजन होय. तो वृद्ध मुस्लिम नव्हता, हेही विसरता कामा नये.

आज या हिशेबाची गरज वाढली आहे. 2011 च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे 10.38 कोटी होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद 41 ने आर्थिक कुवतीच्या मर्यादेत वार्धक्यातील साहाय्याची जबाबदारी राज्यावर सोपविली आहे. महाराष्ट्रात 65 वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, तिची रक्कम 2023 मध्ये दरमहा 1,500 रुपये झाली. एसटीमध्ये 75 वर्षांवरील प्रवाशांना 2022 पासून मोफत प्रवास आहे. पण मोफत एसटीची पायरी चढता येत नसेल, हयातीचा दाखला घेऊन तहसील कार्यालयापर्यंत जाता येत नसेल, तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो. कोणत्या गल्लीत कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, हे मंत्रालयाला कळणार नाही. ते ग्रामपंचायतीला आणि प्रभागालाच कळू शकते. म्हणून वृद्धांच्या सेवेचे नियोजन स्थानिक पातळीवरच झाले पाहिजे.

आणखी एक सत्य आपण सहसा बोलत नाही. आई-वडिलांच्या सेवेचे पुण्य मुलगा आपल्या नावे धरतो, पण प्रत्यक्षात ती सेवा बहुधा सून करते. सासू-सासऱ्यांची सेवा हे तिचे सौजन्य व उपकार आहेत. शरीअतने ती तिच्यावर कायदेशीर कर्तव्य म्हणून लादलेली नाही, असे अनेक शास्त्रकारांनी स्पष्ट केले आहे. दिवसाचे चार तास चालणारे विरंगुळा केंद्र किंवा आठवड्यातून एकदा घरी येणारी परिचारिका त्या स्त्रीचा भार हलका करीत असेल, तर त्याने घर मोडत नाही, सावरते.

सोय झाली म्हणजे मुले बेफिकीर होतील, ही भीती मात्र खरी आहे. तेव्हा प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या सोयीमुळे वाचलेला वेळ मी वडिलांना दिला, की वडिलांपासून सोडवून घेतला? पहिल्या उत्तरात सेवा आहे, दुसऱ्यात त्याग. याचा हिशेब पालिका घेणार नाही, पण अल्लाहपुढे तो द्यावाच लागेल.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तेथे रस्त्याचा आणि गटाराचा विषय निघतो. वृद्धांचा विषय कितीदा निघतो? मशिदीच्या जमातीला ठाऊक असते की नेहमी पहिल्या रांगेत बसणारे कोणते वृद्ध दोन आठवडे दिसले नाहीत. ही माहिती सहानुभूतीच्या चार शब्दांत विरून जाऊ नये. आपल्या वस्तीतील एकाकी वृद्धांची यादी, शेजारच्या हिंदू, बौद्ध व ख्रिस्ती घरांसह, तयार करून ग्रामसभेत किंवा प्रभाग कार्यालयात मांडणे हीसुद्धा इबादतच आहे. आणि मशिदीच्या वुजूखान्यात टेकायला खुर्ची व दाराशी उतरण नसेल, तर पालिकेकडे बोट दाखविण्यापूर्वी तेवढे काम आपणच करावे.

वार्धक्याचा हक्क घराचाही आहे आणि गावाचाही. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले की वृद्ध मधल्या मध्ये उपेक्षित राहतो. अल्लाह आपणा सर्वांना ही दोन्ही कर्तव्ये पार पाडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.