सहीच्या जागी

चाकणला एका कारखान्यात मी टूलरूमला आहे, जिग-फिक्श्चर बनवतो. जॉब जागेवर धरायचा तर क्लॅम्पनं दाबायचा, नाहीतर डॉवेल पिन घालायची. पातळ जॉब जास्त आवळला की वाकतो, कमी आवळला की सरकतो. एवढं हाताला पाठ आहे. पण मोशीला आमच्या सोसायटीत माझी सहा वर्षांची चिऊ घसरगुंडीवरून हात टेकून पडली, त्या रात्री यातलं काही आठवलं नाही.

कोपराच्या जरा वर दंडाचं हाड पुढून तुटलेलं, मागून बिजागरीसारखं धरून राहिलेलं. गार्टलँड नावाच्या डॉक्टरनं 1959 साली या फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले. पहिल्याला प्लास्टर, तिसऱ्याला तारा. वाद होतो तो दुसऱ्यावर, आणि आमचं नेमकं तेच. प्लास्टरमध्ये हाड टिकायला कोपर काटकोनापेक्षा जास्त दुमडावा लागतो, आणि सूज असताना तसा बांधला तर रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते. तारा घातल्या तर कोपर सैल ठेवता येतो; पण भूल आली, जंतुसंसर्गाची धास्ती आली. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही करता येईल. तुम्ही ठरवा."

आई म्हणाली, "अरे, लेकराच्या हाडात लोखंड कशाला? बांधून ठेव, माउली बघून घेईल." आळंदी एवढी जवळ, त्यामुळे आमच्याकडे माउलीवर जरा जास्तच सोपवलं जातं.

खरं सांगतो, मलाही प्लास्टरच हवं होतं. हात वाकडा जुळला तर नशीब म्हणता आलं असतं. तारेनं बिघडलं तर कागदावर सही माझी. देवावर भरवसा म्हणत होतो तो हाच. गीतेच्या चौथ्या अध्यायातलं अकर्मातलं कर्म मी कीर्तनात कितीदा ऐकलंय, मान डोलावून घरी आलोय. आणि प्लास्टर म्हणजे काही न करणं थोडंच? पट्टी आवळणारा हात माणसाचाच. आवळलेल्या पट्टीनं मुलांची बोटं कायमची आखडतात, हे फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यानं 1881 मध्येच लिहून ठेवलंय. वाढीबरोबर सरळ होईल म्हणावं, तर दंडाची वाढ मुख्यतः खांद्याकडून होते, कोपराकडून जेमतेम 20 टक्के. बाजूला कललेलं तसंच राहतं. म्हणजे काळावर सोडायचीही सोय नाही.

‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात ‘वडील’ लिहिलं आणि सही केली.

दोन तारा घातल्या, टोकं कातडीबाहेर, वरून सैल प्लास्टर. चौथ्या आठवड्यात ओपीडीतच ओढून काढल्या. चिऊ त्यापेक्षा जास्त प्लास्टर कापायच्या मशीनच्या आवाजाला रडली. आई म्हणाली, "माउलीनं तारलं गं." आळंदीला जाऊन नारळ फोडला. मी वाद घातला नाही.

डावा हात अजून उजव्याइतका सरळ होत नाही. होईल म्हणतात. सकाळी वेणी घालून झाली की मी तिला दोन्ही हात पुढे करायला लावायचो. तिला तो खेळ वाटतो. आता न सांगताच हात पुढे करून उभी राहते.